सरकी घासणारी बाज

मित्रांनो, मारेगाव तालुक्यातील एका लहान गावात, भीमराजच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून जी जुनी बाज उभी आहे, ती मीच. माझ्यावर हल्ली कोणी बसत नाही. म्हणून आपली कहाणी आपणच सांगावी, असे मनात आले.

माझा जन्म भीमराजचे वडील डोमाजी यांच्या हातून झाला. त्यांनी बाभळीचे चार पाय तासले, शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, अंबाडी नाल्यात कुजवून तिची दोरी वळली आणि मला घट्ट विणले. मी केवळ निजण्यासाठी आहे, असा माझा समज होता. परंतु मृग जवळ आला तेव्हा माझे खरे कार्य मला कळले. कपाशीच्या बियांना, म्हणजे सरकीला, कापसाचे तंतू चिकटून असतात. त्यामुळे पेरताना दाणे एकमेकांना सोडत नाहीत. डोमाजींच्या पत्नी प्रभावतीबाई ती सरकी शेणामातीत कालवीत, माझ्या विणीवर घाशीत, आणि दाणा दाणा सुटा होऊन माझ्याखाली पडे. त्या दिवशी शेजारच्या पाच-सहा बाया माझ्याभोवती बसत.

"बिजले, आधी हात चालव, तोंड मंग चालव!" प्रभावतीबाई म्हणत.

"तोंड चालल्याबिगर माहा हात चालत नाही, बाई!" शेजारीण बिजलीबाई उत्तर देई, आणि त्यांच्या हसण्याने माझे चारही पाय हालत.

ज्या घरचे बी किडून जाई, त्या घरची बाई परडी घेऊन दारी येई. तिला कोणी रिकामी धाडीत नसे. पुढील वर्षी आपल्यावरही तीच वेळ येऊ शकते, हे सर्वांना ठाऊक होते.

पुढे डोमाजी वारले. त्यानंतर काही वर्षांनी दुकानात पाकिटातले बियाणे आले. ते दूरदेशीच्या विद्येने घडले आहे, असे लोक म्हणत. त्याचा दाणा गुळगुळीत, वर तांबडे औषध चढवलेले. घासण्याची गरजच उरली नाही. घरोघर पाकिटे आली आणि आमचे अंगण ओस पडले. कापसाचा भाव समुद्रापलीकडे ठरू लागला, तेव्हा त्याची बातमी ऐकायला माणसे आपापल्या घरी टीव्हीपुढे बसू लागली. प्रभावतीबाई माझ्यावर बसून रस्त्याकडे पाहत. कोणी थांबत नसे.

पाकिटे आल्यापासून चौथ्या वर्षी भीमराजची कपाशी विरळ उगवली. बी घासल्यावाचून पेरले म्हणूनच असे झाले, असे प्रभावतीबाईंच्या मनाने घेतले. पुढच्या मृगात भीमराजने दोन पाकिटे घरी आणून ठेवली आणि तो वखर दुरुस्त करायला गेला. इकडे प्रभावतीबाईंनी पाकिटे फोडली, शेण कालवले आणि रस्त्याने जाणाऱ्या बिजलीबाईला हाक मारली.

"आता कायले घासता, बाई? पाकिटातली सरकी साबणावानी चिकनी असते," असे म्हणून ती चालती झाली.

मग त्या एकट्याच घासत बसल्या. तांबडा रंग माझ्या दोरीत उतरला, त्यांच्या तळहातांत उतरला. तेवढ्यात भीमराज आला.

"माय! हे काय करून राह्यली?"

"रंग काढून राह्यली. पाह्य, आता कशी घरच्यावानी दिसते."

"अवं, रंग नाही, औषध हाये थे! त्याच्याबिगर बी मातीत सडते. दुकानातली पाकिटं सरली, आता पेरू काय?"

आईचे हात चुरचुरत होते. ते ध्यानात येताच तो स्वतः साबण लावून ते धुऊ लागला.

"फिकर नोको करू," त्या म्हणाल्या. "गावात कोणाच्याही घरी राखून ठेवलेली सरकी भेटन."

आभाळ भरून आले होते. त्या परडी घेऊन निघाल्या आणि दिवस कलताना परतल्या. परडी रिकामी होती.

"कोणाकडंच नाही रे, भीमा. बिजलीच्या घरी गेली, तर ते म्हणे, आमाले वाटलं तुमच्याकडं असन. सगळ्याइले वाटलं, दुसऱ्यानं ठेवली असन."

भीमराजने ते घासलेलेच बी पेरले. अर्धे सडले. मोकळ्या जागी त्याने तूर लावली. त्याने आईला दोष दिला नाही, परंतु प्रभावतीबाईंनी पुन्हा कधी बियाण्याला हात लावला नाही. माझ्या दोरीत औषध मुरले, म्हणून लेकरांना माझ्यावर बसण्यास मनाई झाली आणि माझी रवानगी गोठ्यात झाली.

मित्रांनो, पाकिटाशी माझे वैर नाही. माझी दोरी बदला, अशीही माझी याचना नाही. इतकेच सांगते, जे सर्वांचे आहे ते दुसऱ्या कोणी जपले असेल, असे समजून निर्धास्त राहू नका. आपल्या घरी मूठभर बी राखा. आणि एखादी म्हातारी परडी घेऊन दारी आली, तर देण्यासारखे काही नसले तरी तिला बसायला बाज टाका. प्रभावतीबाई त्या दिवशी अख्खे गाव फिरल्या. त्यांना कोणी 'बसा' म्हटले नाही. हे त्यांनी भीमराजला सांगितले नाही. माझ्यावर बसून त्या स्वतःशीच बोलल्या, म्हणून मला कळले.