पूजलेला साचा

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी नारळ फोडायला दगड सापडला नाही, म्हणून भाऊराव सरांनी तो आमच्या साच्यावर फोडला. कॉलेजच्या ओतशाळेतला सर्वांत मोठा साचा माझा आणि देवानंदचा होता. लोखंडी पेटीच्या कडेवर नारळ आपटला आणि पाणी थेट वरच्या छिद्रात गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच छिद्रातून वितळलेलं लोखंड ओतायचं होतं. मी शेजारीच उभी होते.

साचा वाळूचा होता, एकावर एक ठेवलेल्या दोन लोखंडी पेट्यांत ठासलेला. आम्ही तो कोळशाच्या धगीवर दोन दिवस वाळवला होता. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पट जागा मागते. बंद साच्यात ती जागा नसते. मग वाफ लोखंडासकट वर उसळते, ओतणाऱ्याच्या तोंडावर. हे भाऊराव सरांनीच फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं.

"सर, पाणी आत गेलं," मी म्हटलं. "साचा उघडून पुन्हा वाळवू द्या."

सर प्रसाद वाटत होते. "पूजलेला साचा ओतेपर्यंत उघडत नाही, पोरी. नागपूरले माह्या उस्तादानं कधी उघडला नाही."

"पण सर, पाणी..."

"चूळभर पाणी! तुमच्या लोकायनं देव सोडले, बरं केलं. आता आमचा नारळबी डोयात खुपते काय?"

मागून ओमप्रकाश म्हणाला, "सर, इसको परसाद मत दीजिए, हाथ जल जाएगा." वर्ग हसला.

यंत्रशाखेत मी एकटी मुलगी. मी काही म्हटलं की आधी मुलगी बोलली असं होई, मग खुर्सीपारच्या मजूरवस्तीतली बोलली, मग बौद्ध बोलली. वाळूचा मुद्दा सगळ्यात शेवटी होता आणि तिथपर्यंत कोणी पोचत नसे.

घरी जाताना देवानंदला म्हटलं, "उद्या तू लोखंड ओतायची लॅडल धरू नको."

देवानंद आमच्याच गल्लीतला. त्याचा बाप इथल्या पोलाद कारखान्यात माती वाहायचा. "गप राय, कांता. आपण बोललो तं म्हणतीन, पूजेले विरोध करून राहिले. मले पास व्हाचं हाय."

"पास व्हाले डोये लागतेत न?"

"तुह्यं तोंडच तुले नापास करन, पाहून घे."

सकाळी भट्टी घुमत होती. कारखान्यातले साहेब ओतकाम पाहायला आले होते. त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. आमच्या साच्यावर कुंकू होतं, झेंडूचं फूल होतं. मी पुन्हा सरांकडे गेले. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "मागं हो. साडी सांभाळ."

साडी मी खोचलेली होती.

भट्टीचं तोंड फोडलं. लॅडल भरली. एका दांड्याला देवानंद, दुसऱ्याला ओमप्रकाश. दोघं सावकाश साच्याकडे निघाले. देवानंदच्या हनुवटीवर लोखंडाचा उजेड पडला होता. तिथे नुकती दाढी फुटत होती.

भिंतीशी पहार होती. ती मी वरच्या पेटीखाली घातली आणि सगळं अंग टाकून दाबली. पेटी उलटली. साचा फुटला, कुंकू-फूल वाळूत गेलं.

"बाजूले ओता! खड्ड्यात!" सर ओरडले. कोरड्या वाळूच्या खड्ड्यात लोखंड निमूटपणे पसरलं.

"आता दाखव पाणी! कुठं हाय पाणी?" सर माझ्यावर आले.

मी छिद्राखालची वाळू मुठीत दाबून हात उघडला. गोळा झाला होता. भाजलेल्या वाळूचा गोळा होत नाही, भुगा होतो. सरांनी तो पाहिला. एक क्षण पाहिला, मग साहेबांकडे वळून म्हणाले, "मोल्डिंगची वाळू ओलीच राह्यते, साहेब. पोरीच्या जातीले काय समजते?"

साहेबांनी मान हलवली.

दांडा टाकून देवानंद माझ्यावर धावून आला. "माह्यी टर्म नेली तूनं! कोणं सांगतलं होतं तुले?"

त्याचा चेहरा लाल झाला होता, पण अख्खा होता.

देवानंदला नवा साचा करायला दिला. मला शून्य मिळालं; कारण लिहिलं होतं, बेशिस्त. माझं वर्ष वाया गेलं.

पुढच्या विश्वकर्मा पूजेला मी त्याच ओतशाळेत, माझ्याहून लहान मुलांसोबत उभी होते. भाऊराव सरांनी नारळ दाराबाहेर नेला आणि पायरीच्या दगडावर फोडला. त्यासाठी पायरी मुद्दाम नवी बसवली होती. का, ते कोणी विचारलं नाही.

वरच्या वर्गातला देवानंद खोबऱ्याचा तुकडा घेऊन आला. "घे."

"त्याईले विचार, औंदा बाहेर कावून फोडला."

"जाऊ दे न, कांता."

"नाई जाऊ देत," मी म्हटलं, आणि सरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं, "औंदा नारळ बाहेर कावून फोडला?"