कपाटातला नमुना

“बाई, हा अभ्रा आहे की पोतं?” इस्पितळाच्या स्टोअरकीपरने अभ्र्यात उशी कोंबून हलवून दाखवली. उशी आत ऐसपैस लोळत होती. “गठ्ठ्यातले वरचे बरोबर आहेत, खालचे सगळे ढगळ. शनिवारपर्यंत नीट करून आणा, नाहीतर कारखानेवाले दारात उभेच आहेत. तेही तुमच्यापेक्षा स्वस्तात.”

थोरलीने अभ्र्यांचा गठ्ठा परत बांधला. दोन शिलाई मशिनी आणि घरातली पुढची खोली, एवढ्यावर मांडलेल्या धंद्याचं हे पहिलं मोठं काम. त्याच्या भरवशावर तिने धाकट्या जावेला लोकांकडची धुणीभांडी सोडायला लावली होती. आता काम गेलं तर धाकटीच्या हाती पुन्हा घासणी येणार, हे तिला पैशापेक्षा जास्त टोचत होतं.

घरी येताच तिने गठ्ठा टेबलावर आपटला. “कापताना माप कशावरून घेतलंस गं?”

“आधीच्या तुकड्यावरून. तो पुढच्या कापडावर ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा, की कापायचं.”

“म्हणजे दरवेळी रेघेएवढं वाढतच गेलं! अगं, पास झालेला नमुना होता ना?”

“तो कपाटात आहे, जाऊबाई. इस्पितळाच्या साहेबांची सही आहे त्यावर. मळेल म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय.”

थोरलीला हसावं की रडावं कळेना. जिवापाड जप म्हणून तिनेच बजावलं होतं; आता बोल कुणाला लावणार? तिने नमुना काढला, सहीसकट उसवून सपाट केला आणि त्यावरून जाड पुठ्ठा कापला.

मग दोघी ढगळ अभ्रे उसवून पुठ्ठ्याच्या मापाने कापायला बसल्या. विजेचा लपंडाव चालूच होता. वीज गेली की हाताने चाक फिरवायचं, मान अवघडली की एकमेकींना शिव्या द्यायच्या, आणि पुन्हा शिवायचं. शनिवारी गठ्ठा तयार होता.

स्टोअरकीपरने उशांवर अभ्रे चढवून पाहिले. “काम चोख आहे, हे घेतो. पण पुढचं निम्मं काम कारखान्याला गेलं, बाई. वरून हुकूम आलाय. त्यांच्या दराला तुम्ही पुऱ्या पडणार नाही.”

“निम्मं तर निम्मं,” थोरली म्हणाली. “पण तेवढं माझंच ठेवा.”

घरी धाकटीने ऐकलं आणि मान खाली घातली. “निम्म्या कामात दोघींचं कसं भागणार? मी जुनी कामं परत धरते.”

“तू कुठेही जायचं नाहीस. आता कुठे तुझा कात्रीवर हात बसलाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आली तर खोली उघडी, पण थोरलीचा पत्ता नाही. ती उगवली ऊन चांगलं चढल्यावर.

“कुठे गेला होतात?”

“तुझ्या धुण्याभांड्यांच्या जुन्या घरी. तिथली बाई म्हणाली, कढया तुझ्याइतक्या लख्ख घासत नाही मी.”

धाकटीचे डोळे भरून आले. ती काही बोलणार तोच थोरलीने तिला दटावलं, “कापडावर डाग पाडू नकोस.” मग तिने एकेक बोट फडक्याने पुसून कोरडं केलं आणि पांढरं कापड पुढे ओढलं.