कापसातली जोडी

जया आडेच्या कळपात दोन बदकं सारखी नव्हती. अंकोना जात तशीच असते. पांढऱ्या अंगावर काळी किंवा चॉकलेटी ठिगळं, कुठेही, कशीही. तिचा नवरा सुनील ट्रक घेऊन हैदराबादकडे जायचा. तिकडच्या एका हौशी माणसाच्या फार्मवरून त्याने अंडी आणली, आणि त्यातून निघालेल्या पिल्लांवर जयाने केळापूर तालुक्यातल्या आपल्या तांड्यात कळप उभा केला. दर पिढीत ती निवड करी. वाकड्या पायाचं पिल्लू जोडीला ठेवायचं नाही, वाढीला मागे पडलेलं तर नाहीच. असं करत करत तिला हवी होती तशी जोडी मिळाली. नर रुंद छातीचा, एका डोळ्यावर काळा डाग, शेपटीवर वळलेली पिसं. मादी थंडीतही अंड्याचा खाडा न करणारी.

"कावळ्याची न् बगळ्याची औलाद," तिची सासू भुरीबाई म्हणे. "धड सुतक नाई, धड लगन नाई."

त्या जानेवारीत तांड्याजवळच्या पोल्ट्री शेडमध्ये कोंबड्या पटापट मेल्या. नमुने तपासून आले, बर्ड फ्लू निघाला. शेडपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारून पुरायचे, असा आदेश निघाला. तांडा त्या किलोमीटरात होता. तांड्याचा प्रमुख, नायक देवीलाल, घरोघर फिरला. "एकही पाखरू लपवू नका. मले मान खाली घालाले लावू नका."

जया सुनीलला म्हणाली, "माही बदकं बिमार हायत का? खाऊन राह्यली, पोहून राह्यली. बिमार जनावर मारा ना, मी कायले नाई म्हणू?"

"हे मले काहून सांगतं? साहेबाले सांग."

"साहेब ऐकते का?"

त्या वर्षी चांगल्या भावाची वाट पाहत सुनीलने कापूस विकला नव्हता. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापसाची गंजी होती. पक्षी मारणारं पथक यायच्या दिवशी जयाने पहाटेच उठून त्या गंजीत आतवर पोकळी केली, जोडी आत ठेवली, वर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं उपडं घातलं आणि कापूस लोटला. हवेला एका बाजूने फट ठेवली. बाकीचा कळप अंगणात मोकळा सोडला.

पथकाची माणसं पांढऱ्या पोशाखात होती. शेजारच्या नंदाबाईने आपल्या कोंबड्या स्वतः पकडून दिल्या. अंडी खुडुक कोंबडीखालून काढून तीही दिली. मग पथक जयाच्या अंगणात आलं.

"एवढीच?" पथकातल्या जनावरांच्या डॉक्टरने विचारलं.

"एवढीच जी."

"चांगली आहेत की."

"म्हणूनच म्हणून राह्यली साहेब, बिमार नाई त्याईले काहून मारता?"

डॉक्टर तरुण होता, सकाळपासून हेच काम करून थकलेला. तो म्हणाला, "ताई, बदकाचं वेगळं असतं. रोग त्याच्या अंगात असतो आणि ते मरत नाही. धडधाकट फिरतं आणि कोंबड्यांना मारतं."

जयाने मान हलवली. न मेलेल्यालाही मारायचं म्हणजे काहीतरी कारण द्यावंच लागतं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात कापसातून आवाज आला. अंकोनाचा नर घोगरा, दबक्या आवाजाचा. मादीचा आवाज मात्र तांड्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. डॉक्टरने मान वळवली.

उंबऱ्यावर बसलेल्या भुरीबाईने त्याच क्षणी गळा काढला. लेक सासरी निघताना बंजारा बायका गळ्यात पडून रडत गातात तो ढावलो तिने सुरू केला, छाती भरून, कपाळावर हात मारत. पथकातली माणसं थबकली. डॉक्टर खाली पाहू लागला. "आजी, भरपाई मिळेल," तो म्हणाला आणि पुढच्या घराकडे गेला.

ते गेल्यावर भुरीबाईने पदराने तोंड पुसलं. "पुढच्या टायमाले तू रड. माह्यानं होत नाई."

तांड्याबाहेर जेसीबीने खड्डा खणला होता. त्यात पक्षी टाकून वर चुना टाकला. त्या रात्रीपासून तांड्यात पहाटे कोंबडा आरवला नाही.

जोडी कापसात फार दिवस राहणं शक्य नव्हतं. विष्ठेने कापूस पिवळा पडू लागला आणि सुनील बडबडू लागला. नंदाबाईची पोरं दिवसभर अंगणात खेळत. एकाने विचारलंही, "काकी, कापूस बोलते काय?" जयाने बाजाराची पिशवी घेतली, जोडी आत घातली, वर जुनी साडी टाकली आणि उमरखेडच्या वाटेला लागली. तिकडच्या एका तांड्यात तिची धाकटी बहीण वर्षा दिली होती.

एसटीत शेजारच्या माणसाने पिशवीकडे पाहिलं. "काय हाय वो बाई त्याच्यात?"

"बहिणीले साडीचोळी."

"साडी वटवट करते?"

"नवी हाय. सवय नाई तिले."

आजूबाजूचे हसले. कंडक्टरही हसला आणि पुढे गेला.

वर्षाने जोडी पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. मग ती म्हणाली, "बाई, तुमच्याकडं तं रोग आलता ना?"

"याईले साहेबानं तपासलं. चांगली हायत म्हणाला."

हे खोटं होतं. पण डॉक्टर 'चांगली आहेत की' असं म्हणालाच होता, असं जया बसमध्ये स्वतःला समजावत आली होती.

बदकी अंड्यांवर नीट बसेल याचा भरवसा नसतो. म्हणून वर्षाने तिची अंडी आपल्या खुडुक कोंबडीखाली ठेवली. जया रोज फोन करून विचारी. अंडी उजेडात धरून पाहिली तेव्हा आत लाल शिरा दिसल्या, असं वर्षाने सांगितलं. त्या दिवशी जया बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

पुढचा फोन वर्षाने केला. "बाजूच्या प्रेमसिंग काकाच्या कोंबड्या मेल्या. तुरे निळे पडले."

"कोंबड्याईची रानीखेत बिमारी असंल."

"सगळ्या मेल्या, बाई."

मग वर्षाच्या मेल्या. मग ओळीने घरं. तिकडेही नमुने गेले, तिकडेही पथक येणार असं कळलं. जया त्याच सकाळी निघाली.

तांड्यात शिरताना तिला कोणी थांबवलं नाही. बायका दारात खुराडी उघडी टाकून बसल्या होत्या. वर्षा आपल्या दाराबाहेर उभी होती. तिने 'ये' म्हटलं नाही. अंगणातल्या न्हाणीतून बदकीचा आवाज येत होता, नेहमीसारखा खणखणीत. जयाने फळी सरकवून पाहिलं. दोघंही भिजवलेला तांदूळ खात होती. पिसं तुकतुकीत होती.

"तुह्या बदकाईले काईच झालं नाई," वर्षा म्हणाली. "कोंबडी अंड्यावर बसल्या बसल्या मेली."

"अंडे कुठं हायत?"

"फोडले."

"काहून?"

"तू नेले असते."

जयाच्या हातात पिशवी होती. तिच्या तळाशी भुसा पसरलेला होता. वर्षाने तो पाहिला आणि जयाने पिशवी मागे नेली नाही.

"सगळे विचारून राह्यले कुठून आलं म्हणून," वर्षा म्हणाली. "मी सांगतलं नाई. मले तोंड उघडाले लावू नको. तू सांग."

पथकाची गाडी तिथल्या नायकाच्या घरासमोर लागली होती. प्रेमसिंग तिथेच ओट्यावर बसला होता. सत्तरीचा माणूस, मेलेल्या कोंबड्यांचं पोतं पायाशी. जया त्याच्यासमोर उभी राहिली.

"काका, वर्षाकडची बदकं माही हायत. रोगाच्या तांड्यातून मी आणली. लपवून."

प्रेमसिंगने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुले माहीत होतं का पोरी, हे त्याईच्यापासून होते म्हणून?"

"साहेबानं सांगतलं होतं."

"मंग?"

"मले दिसत नव्हतं."

पथकातल्या एकाने हातमोजे घालत विचारलं, बदकं कुठे आहेत. जया पुढे चालू लागली. ती न्हाणीपर्यंत पोचली तेव्हा वर्षाने घराचं दार आतून लावून घेतलं होतं.