भिंतीपलीकडचा डोस

मित्रांनो, मी एक जुना किरणमापक आहे आणि माझ्या मनात राग आहे. तो मी लपवणार नाही.

तरुणपणी मी समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात होतो. कुंपणाबाहेरच्या गावांत मला नेऊन तिथले साहेब किरण लागले की होणारी माझी टकटक कान देऊन ऐकत. आतल्या कामगाराला वर्षाला सरासरी वीस मिलिसिव्हर्टपर्यंत किरणांचा डोस चालतो, बाहेरच्या माणसाला फक्त एक. कामगार जाणूनबुजून आत जातो, त्याची तपासणी होते. बाहेर रांगणाऱ्या बाळाला कुणी विचारलेले असते का?

पुढे मी बारामती एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या कारखान्यात आलो. तिथे पत्र्याची जाडी किरणांनी मोजत. एक जाडीमापक बिघडला, त्याचे किरण अडवणारे झाकण लागेना. मालक रणजितरावांनी तो मागच्या भिंतीशी, शेडमध्ये टाकला. भिंतीपलीकडे, कारखान्याबाहेर, रेश्मा नावाच्या एका बाईची खोली. तिची लहानगी मुलगी छकुली तिथेच सावलीला खेळायची. मी जीव तोडून ओरडलो.

"लई किरकिरं हाय हे!" म्हणत रणजितरावांनी माझे सेल काढले आणि मला खणात कोंबले.

मुका झालो, पण विसरलो नाही.

तपासणी आली तेव्हा दाखवण्यापुरते सेल घातले गेले. तपासणीचे साहेब ऑफिसातच चहा पिऊन निघाले, तर फाटकाशी रेश्माची सासू प्रयागबाई, कडेवर छकुली. कामगारांच्या बोलण्यात तिने 'डोस' ऐकला होता.

"सायेब, डोस देणारं तुमीच न्हवं? हिला बी पाजा की. पोलिओचा चुकलाय."

"मावशी, घरी जावा!" रणजितराव खेकसले.

साहेब हसले, मग हसायचे थांबले. "आजी, घर कुठं तुमचं?"

"हितंच की, ह्यांच्या भिताडाला चिकटून."

साहेबांनी मला उचलले आणि थेट भिंत गाठली. मी असा किंचाळलो की मशीन सोडून कामगार बाहेर धावले.

"बाहेरच्यांची वर्षाची मर्यादा इथं महिन्यात संपतेय, रणजितराव!"

रणजितरावांच्या तोंडचे पाणी पळाले. मी ते डोळे भरून पाहिले.

जाडीमापक बंदोबस्तात गेला, कारखान्याला टाळे लागले, ऑफिस तेवढे उघडे राहिले. डॉक्टर म्हणतात, छकुली ठीक आहे. तरी आंघोळ घालताना रेश्मा तिच्या अंगावरचा एकेक डाग निरखते. ही धास्ती कोण भरून देणार? म्हणून मी माफ केलेले नाही.

मित्रांनो, धोका सांगणाऱ्याचे तोंड कधी बंद करू नका. आता माझे सेल काढायला बंदी आहे. रणजितराव ऑफिसात सरकारला खुलासे लिहीत बसतात, मी समोर असतो. मातीत, हवेत थोडे किरण असतातच. तेवढ्यावर माझी एखादी टक होते आणि ते दचकतात.

दचकू देत.