संध्याकाळी ताप चढणारा काटा

डोंगरातल्या बागियो शहराच्या चढावर नार्सिसोने आपली प्रवासी गाडी, जीपनी, पुन्हा थांबवली, तेव्हा मागच्या बाकांवरच्या चौदा माणसांनी एकदमच उसासा टाकला. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा तांबड्या रेघेत गेला होता. या आठवड्यातली ही चौथी संध्याकाळ.

"बघ, डोळे फाडून बघ!" शेजारी बसलेल्या मेव्हण्यावर तो कडाडला. "थर्मोस्टॅट बदललास, पंप बदललास, रेडिएटर बदललास. काटा मात्र जिथल्या तिथं! मेकॅनिक म्हणवतोस स्वतःला? तुझ्या हातात पान्यापेक्षा पळी शोभेल."

मेव्हणा, आवेलिनो, खाली उतरला. आज तो मुद्दाम सोबत आला होता, कारण मेव्हण्यानं जुनाच पंप रंगवून बसवला असं नार्सिसो तीन दिवस अख्ख्या थांब्यावर सांगत फिरला होता. आणि सकाळी थांब्याच्या प्रमुख, सगळ्यांच्या मानांग म्हणजे ताई, रुफिना सगळ्यांदेखत बोलल्या होत्या, "आणखी एकदा चढावर माणसं उतरवलीस, तर संध्याकाळची फेरी दुसऱ्याला देईन." बावीस वर्षं ती फेरी नार्सिसोची होती.

"मानोंग, अहो दादा, माझा कोबी इथंच शिजवायचा का?" पोत्यावर पाय ठेवून बसलेली एक बाई म्हणाली.

"गप्प बस! कोणी उतरायचं नाही!" नार्सिसो ओरडला.

आवेलिनोने बॉनेट उघडलं आणि फडकं गुंडाळून वरची रबरी नळी दाबून पाहिली. "मानोंग, इकडे ये. इंजिन उकळलं की ही नळी फुगून दगडासारखी होते. ही बघ, दबतेय. वाफ नाही, वास नाही. इंजिन ठणठणीत आहे."

"म्हणजे काटा खोटं बोलतो? बावीस वर्षांत बोलला नाही, तो आता बोलायला लागला?"

"मग दुपारी काटा का नाही चढत? उन्हात, याच चढावर, एवढीच माणसं घेऊन? थंडी पडली की मगच याला ताप येतो?"

नार्सिसोने स्टिअरिंगवर मूठ आपटली. तो आणखीनच भडकला.

आवेलिनोने आत डोकावून पाहिलं. बॉनेटवरच्या शोभेच्या पत्र्याच्या घोड्यांभोवती बारा रंगीत दिवे पेटले होते. काट्याच्या वर छोट्या देव्हाऱ्यात बाळ येशू उभा होता. त्याच्यापुढेही एक दिवा. अंधारू लागलं की नार्सिसो छातीवर क्रूस काढायचा आणि एकाच बटणाने ते सगळे लावायचा.

"हे दिवे विझव."

"बाळ येशूचा दिवा? भर चढावर?"

"क्षणभरच. तो रागावणार नाही. तो काही तुझ्यासारखा नाही."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. नार्सिसोने दात खात बटण दाबलं. दिवे विझले आणि काटा सरसर उतरून मधोमध येऊन थांबला.

"आता लाव."

काटा पुन्हा तांबड्यात.

आवेलिनो डॅशबोर्डाखाली वाकला आणि टॉर्च मारून काट्यामागचा पत्रा त्याने दाखवला. तिथे एकाच स्क्रूखाली काट्याची काळी तार आणि सगळ्या दिव्यांच्या काळ्या तारा कोंबलेल्या होत्या. शिवाय स्क्रू आवळला होता तो रुपेरी रंगाच्या जाड थरावर.

"दिव्यांची एवढी वीज परत जायला एकच दार, आणि तेही रंगाने अर्धं बुजलेलं. मग रेटारेटी होणारच. धक्का बसतो या गरीब काट्याला." त्याने हळूच विचारलं, "जत्रेसाठी गाडी रंगवताना हे कोणी केलं?"

नार्सिसोने रुपेरी थरावरून बोट फिरवलं. जत्रेसाठी डॅशबोर्ड त्याने स्वतः रंगवला होता. त्या तारा त्यानेच स्क्रूखाली आवळल्या होत्या, "मेकॅनिक कशाला हवा?" असं म्हणत.

आवेलिनोने बॅटरीची तार काढली, चाकूने रंग खरवडला, काट्याची तार चकचकीत पत्र्यावर आवळली आणि दिव्यांना वेगळा स्क्रू दिला. बॅटरी जोडून दिवे लावले. काटा जागचा हलला नाही. चढ संपला, तरी हलला नाही.

थांब्यावर रुफिना कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "अर्धा तास उशीर. पुन्हा माणसं उतरवलीस?"

"एकही उतरलं नाही. विचारा!"

"मग झालं काय होतं? पंप?"

आवेलिनो डोंगराकडे बघत उभा राहिला. थांब्यावरचे सगळे ड्रायव्हर कान टवकारून होते.

"पंप चांगला होता!" नार्सिसो गरजला. "पंप नवा होता! रेडिएटर चांगला होता! माती मी खाल्ली. स्क्रू मीच रंगावर आवळला होता!"

"बरं, बरं. उद्याची फेरी तुझीच. पण ओरडतोस कशाला?"

"ओरडत नाहीये!" तो ओरडला आणि मेव्हण्याकडे वळला. "आणि तू काय बघतोस? चल घरी. तुझ्या बहिणीनं जेवायला थांबायला सांगितलंय."

तिने तसं काहीच सांगितलं नव्हतं. आवेलिनो गाडीत चढला.