पुसलेले देश जपणारा नकाशा

मित्रांनो, माझ्या अंगावर जे देश आहेत, त्यातले काही आता पृथ्वीवर नाहीत. तरी मला खोटारडा समजू नका. मी युरोप खंडाचा एक जुना नकाशा आहे. वय नव्वदीच्या पुढचं. कडा उसवलेल्या, अंग चहाच्या पाण्यासारखं पिवळं पडलेलं, पण मान अजून ताठ आहे बरं का!

माझा जन्म हैदराबादच्या एका छापखान्यात झाला. तेव्हा आपला हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि शाळा उर्दूत चालायची. म्हणून माझ्यावरची सगळी नावं उर्दूत आहेत. छापखान्यातले कारागीर दगडावर उलटी अक्षरं लिहायचे आणि कागदावर ती सुलटी उमटायची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. फ्रान्स जांभळा, जर्मनी बदामी आणि मधोमध मासोळीसारखा लांबट, हिरवागार चेकोस्लोव्हाकिया. माझ्या पाठीला मांजरपाट चिकटवला, वर-खाली सागवानी दांडे ठोकले आणि रेल्वेनं मला जालन्याला पाठवलं. तिथून बैलगाडीत कडब्यावर आडवा पडून मी जाफराबाद तालुक्यातल्या या गावी आलो.

शाळेत याकूब मास्तर होते. बारीक अंगाचे, मोठ्या आवाजाचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंतीवर उलगडलं तेव्हा पोरं पुढं सरकली. मास्तर म्हणाले, "बघा रे, मोठी लढाई झाली, लाखो माणसं मेली, मंग सगळे एका महालात बसले, तह केला अन् ह्या रेषा ओढल्या. आता पुन्हा लढाई होऊ नये म्हणून एक राष्ट्रसंघ पण काढलाय."

त्या रेषा माझ्या अंगावर होत्या! शांततेच्या रेषा. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

पण मित्रांनो, त्या तहाच्या पोटात राग शिल्लक राहिला होता. हरलेल्या जर्मनीवर जबर अटी लादल्या होत्या. तिथं बेकारी वाढली, माणसं चिडली आणि त्या चिडीवर पाय ठेवून एक हुकूमशहा वर चढला. राष्ट्रसंघ ठराव करायचा, पण त्याचं ऐकायचं कुणी? वर्तमानपत्र गावात दोन-तीन दिवसांनी यायचं. ते आलं की मास्तर लाल पेन्सिल घेऊन माझ्यापुढं उभे राहायचे. छत्तीस साली त्यांनी ऱ्हाईन नदीच्या काठाला खूण केली, कारण जिथं फौज न्यायची नाही असं ठरलं होतं, तिथं हिटलरची फौज घुसली होती. अडतीसच्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया गेला. पेन्सिल पुन्हा फिरली. मला गुदगुल्या व्हायच्या, पण मास्तरांचा चेहरा पाहून हसू यायचं नाही.

त्याच वर्षी म्युनिक नावाच्या शहरात चार बलाढ्य देश बसले आणि त्यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सीमेवरचा पट्टा जर्मनीला देऊन टाकला. का? तर शांतता राहावी म्हणून. ज्यांचा देश कापला, त्यांची माणसं त्याच शहरात बसवून ठेवली होती. बैठकीत मात्र घेतली नाहीत. मास्तरांनी माझ्या हिरव्या मासोळीच्या कडेनं लाल रेघ ओढली. मग खाली कोऱ्या जागेत बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली. सहा महिन्यांत ती मासोळी अख्खीच गिळली गेली आणि वर्ष व्हायच्या आत दुसरं महायुद्ध पेटलं.

मास्तरांना एकानं सांगितलं, "आता ह्या नकाशावर नवीन रंग द्या की." मास्तर म्हणाले, "बिलकुल न्हाई. त्यांनी पुसलं म्हणून मी पुसू का?"

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं शाबासकीचं वाक्य.

पुढं निजामाचं राज्य गेलं, याकूब मास्तर गेले, शाळा मराठी झाली. नवे नकाशे आले, चकचकीत, मराठी अक्षरांचे. मला वाचणारं कुणी उरलं नाही. काही वर्षं मी फुटक्या खिडकीचा पडदा झालो. एका स्नेहसंमेलनात माझ्या पाठीवर चुन्यानं डोंगर आणि सूर्य रंगवला. शेवटी खेळाच्या खोलीत कबड्डीच्या कुजक्या सतरंजीखाली माझी गुंडाळी जाऊन पडली. उंदरानं पोर्तुगाल खाल्ला. मी कुणाला सांगणार?

मला तिथून बाहेर काढलं वंदना मॅडमनी. त्या इतिहास शिकवायला दोन वर्षांपूर्वी आल्या. त्यांनी मला घरी नेलं, अंगणात पसरलं, कणकेची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घातलं आणि माझ्या पाठीला जुन्या सुती साडीचा तुकडा लावला. त्यांची दीड वर्षांची लेक दुडुदुडु आली आणि थेट स्पेनवर बसली. मॅडमनी तिला उचललं, पण रागावल्या नाहीत. तो ओलसर, ऊबदार भार मला अजून आठवतो.

मी नववीच्या वर्गात लागलो तेव्हा लायबा नावाची मुलगी पुढं आली. माझ्यावर बोट ठेवून भराभरा नावं वाचायला लागली.

"तुला येतं हे?" मॅडमनी विचारलं.

"दादीनं शिकवलंय ना! कमरुन्निसा दादी म्हणती, घरातली लिपी पोरींनी सोडायची न्हाई."

सत्तर वर्षांनी मला कुणीतरी वाचत होतं. मित्रांनो, मला दोन्ही दांडे वाजवून नाचावंसं वाटलं.

पण ते सुख चार दिवसांचं. शाळेची तपासणी जाहीर झाली. मुख्याध्यापक अप्पाराव सर हातात निर्लेखनाची यादी घेऊन वर्गात आले. निर्लेखन म्हणजे निकामी सामान रजिस्टरातून काढून भंगारात घालणं. यादीत माझा नंबर सातवा, मोडक्या स्टुलाच्या खाली!

"म्याडम, हे काय करून राह्यल्या तुम्ही? चुकीचे देश, चुकीच्या सीमा. साहेब शेरा मारतील ना माझ्या नावावर!"

"सर, चुकीचा न्हाई, जुना आहे. मला ह्याच्यावरच तर शिकवायचंय."

"मंग तपासणीच्या दिवशी साहेबांपुढंच शिकवा. त्यांना पटलं तर ठेवू. न्हाई पटलं तर त्याच दिवशी भंगारवाल्याची गाडी येणार आहे, सांगून ठेवतो."

तो दिवस उजाडला. साहेब मागच्या बाकावर वही उघडून बसले, शेजारी अप्पाराव सर. खिडकीतून मला भंगाराचा टेम्पो दिसत होता. मोडकं स्टूल त्यात चढलंसुद्धा होतं.

मॅडमनी पुस्तक उघडलंच नाही. त्या म्हणाल्या, "आज खेळ. आर्यन, तू मोठा शेतकरी. ट्रॅक्टर तुझा, माणसं तुझी. संध्या, तुझी शेजारी दोन एकर. मधी बांध. मोठ्या शेतकऱ्याची नियत फिरली की बांधाचं काय होतं?"

"कोरतेत!" सगळा वर्ग ओरडला. शेतकऱ्यांचीच लेकरं ती. नांगराच्या एकेका फेरीनं शेजाऱ्याचा बांध कसा खातात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"तर आर्यननं तीन सालं बांध कोरला. आता संध्याची अर्धी पट्टीच मागून राह्यला, न्हाई दिली तर मारामारी करीन म्हणतो. वाद मिटवायला चार पंच. प्रीती, प्रेम, पप्पू अन् आर्यन."

"आर्यन? म्याडम, चोरच पंचात?" प्रीती म्हणाली.

"तिकडं पण होता."

"मी बराबर न्याय करीन," आर्यन छाती काढून म्हणाला आणि वर्ग हसला.

चौघं व्हरांड्यात गेले. पाच मिनिटांत परत आले. प्रीतीचा चेहरा फुललेला. "मिटला वाद! पट्टी आर्यनला द्यायची, अन् त्यानं लिहून द्यायचं की याच्यापुढं एक वीत मागणार न्हाई. मारामारी बंद!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. अप्पाराव सरांनीही वाजवल्या. मी भिंतीवर शहारलो. हे मी आधी पाहिलं होतं.

तेवढ्यात संध्या उठली. तिचा आवाज खेळातला नव्हता. "पट्टी माझी, अन् मला कुणी विचारलं का गं?"

प्रीती थांबली. "आगं... तुला बोलवायचं ध्यानातच न्हाई आलं." तिनं मॅडमकडं पाहिलं. "म्याडम, तुम्ही पण सांगितलं न्हाई."

"तुम्ही विचारलं न्हाई," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "लायबा, नकाशाच्या खाली काय लिहिलंय?"

लायबा माझ्याजवळ आली. याकूब मास्तरांची ती बारीक ओळ तिनं मोठ्यानं वाचली. "जिसकी ज़मीन बाँटी गई, वही दरवाज़े के बाहर बैठा रहा. अक्टूबर, उन्नीस सौ अड़तीस."

लगेच तिनंच मराठीत सांगितलं, ज्याची जमीन वाटली, तोच दाराबाहेर बसून राहिला. मग मॅडमनी त्या लाल रेघेवरून बोट फिरवत म्युनिकची गोष्ट सांगितली. त्यांना फारसं समजावून सांगावं लागलं नाही. आर्यन आपणहून म्हणाला, "पट्टी मिळाल्यावर मी थांबलोच नसतो, म्याडम. कोण थांबतं?"

साहेबांनी वही मिटली. पुढं येऊन मला नीट न्याहाळलं आणि अप्पाराव सरांना हळूच विचारलं, "हा यादीत आहे का?"

"हो साहेब. तुम्ही म्हणाल तसं करू."

"सर!" संध्याच पुन्हा उभी. "नकाशा आमच्या वर्गाचा, अन् तुम्ही दोघंच ठरवून राह्यले? आम्हाला पण विचारा की!"

क्षणभर मला वाटलं, पोरीला आता बोलणी बसणार. पण साहेब खो खो हसले आणि सरळ खुर्चीवर बसले. "चुकलंच आमचं. बोला."

मग काय! पोरं एकावर एक बोलत सुटली. लायबा म्हणाली, ती सगळ्या नावांच्या मराठी चिठ्ठ्या करणार, पण मूळ अक्षरांवर एकही चिकटवणार नाही. प्रेम म्हणाला, पोर्तुगाल आपण शिवून देऊ. साहेबांनी मान डोलावली आणि आर्यन खिडकीतून टेम्पोवाल्यावर ओरडला, "ओ मामा, जा तुम्ही! हा मिळणार न्हाई!"

मित्रांनो, जगात नव्या वस्तू येणारच, जुन्यांना जागा करून द्यावी लागणारच. त्याबद्दल माझं दुमत नाही. पण एखादी जुनी वस्तू फेकण्याआधी तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. तुम्हाला वाचता येत नसेल तर गावात कुणाला येतं ते शोधा. एखादी कमरुन्निसा दादी सापडेल. मोठमोठ्या माणसांनी महालात बसून केलेले तह टिकले नाहीत. एका मास्तरांनी पेन्सिलीनं लिहिलेली ओळ टिकली. ती मी माझ्या अंगावर जपली, याचा मला मोठा अभिमान आहे.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर अप्पाराव सर यादी आणि रजिस्टर घेऊन एकटेच माझ्यासमोर आले. यादीतल्या नंबर सातवर आडवी रेघ मारली. मग रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. 'जुना' लिहावं, की 'जीर्ण'? थोडा वेळ माझ्याकडं पाहून त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: 'वापरात'.