पिठल्याचा महिना

महिनाभर घरात पिठलं-भाकरीच शिजेल, असं फर्मान मुकुंदरावांनी काढलं होतं. किराणा परवडतो कुणाला! मग आपल्या ताटात कधी दुधीचे कोफ्ते, कधी दुधीची खीर येते कुठून, हे काही केल्या त्यांना उमगेना. त्यांनी डबे तपासले. बेसन तेवढं भराभर संपत होतं. बायकोला, उषाताईंना, विचारावं तर त्या म्हणत, "गरम आहे तोवर खा मुकाट्यानं."

शेवटी पाटणकर बाजारात शेजारचे भदौरिया भेटले. तेही चक्रावलेलेच.

"भाईसाहब, खर्चा कम करने के लिए मैंने महीनेभर सिर्फ लौकी बोली थी," ते कुजबुजले. "पर थाली में रोज आपका वो पिठला!"

लौकी! म्हणजे दुधीच की. उषाताई रोज संध्याकाळी झाकलेली वाटी घेऊन शेजारी जातात, हे मुकुंदरावांना आत्ता आठवलं. आणि शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, ही तर दोन्ही घरांची रीत.

दोघं थोडा वेळ घुटमळले. मग मुकुंदरावांनी हळूच विचारलं, "कल लौकी का क्या बन रहा है?"